आक्कांना विचारा : बाळंतिणीच्या हातातला फोन

या महिन्यात सदराकडं आलेल्या पत्रांत बाळंतिणींची पत्रं जास्त निघाली, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात फोन होता. पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत बाजलं, शेगडी आणि ओव्याचा धूर असायचा. आता उशाखालून चार्जरची वायरही निघते. पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांत मी ३२ वर्षं आरोग्यसेविका होते. फोन मला निवृत्तीनंतर सुनेनं शिकवला. तेवढ्या भांडवलावर उत्तरं देते. नावं छापत नाही, गावंही थोडी इकडची तिकडं केली आहेत.

“आक्का, माझं बाळ ४० दिवसांचं आहे. सासर इचलकरंजी, बाळंतपणाला माहेरी कसबा बावड्यात आले आहे. रात्री तीनला बाळाला पाजायला बसते तेव्हा फोन बघते. एका ॲपमध्ये दहा प्रश्न होते, ते सोडवले. १४ गुण आले आणि खाली लाल अक्षरांत आलं, ‘कृपया तज्ज्ञांशी संपर्क साधा’. आईला दाखवलं तर म्हणाली, आमच्या वेळी असलं काही नव्हतं, फोन बघूनच तुझं डोकं फिरलंय. संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. आक्का, बाळ नकोय असं नाही. पण त्याच्याकडं बघून काहीच वाटत नाही. शेजारच्या कुणाचं तरी सांभाळतेय असं वाटतं. मी वाईट आई आहे का? आणि ते १४ म्हणजे नक्की किती?”

पोरी, आधी १४ चं बघू, ते सोपं आहे. हे दहा प्रश्न बहुतेक एडिंबरा प्रश्नावलीतले असणार. कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्स्की यांनी ती स्कॉटलंडमध्ये तयार केली आणि १९८७ साली प्रसिद्ध केली. गेल्या ७ दिवसांत कसं वाटलं एवढंच ती विचारते. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, सगळे मिळून ३०. साधारणपणे १० किंवा जास्त आले की लक्ष ठेवायचं आणि १३ किंवा जास्त आले की डॉक्टरांनी बघायचंच, असं धरतात. पण ही चाळण आहे. थर्मामीटर लावला की ताप आहे एवढं कळतं. हिवताप आहे का, ते रक्ताची काचपट्टी तपासल्यावर. तुझे १४ म्हणजे थर्मामीटर. ताप आहे, आता कुणीतरी काचपट्टी बघायला हवी.

एक गोष्ट मात्र तू लिहिली नाहीस. दहाव्या प्रश्नाला काय उत्तर दिलंस? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का, हा तो प्रश्न. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काहीही असेल, तर बाकीच्या नऊ प्रश्नांची बेरीज विसर. एकूण ४ आले असले तरी त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं आणि एकटं राहायचं नाही.

आता वाईट आई. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, कुणी ‘जेवलीस का’ विचारलं तरी डोळे भरतात. ते निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप जातं. तुला ४० दिवस झालेत, म्हणजे हे ते नाही. आणि ‘काहीच वाटत नाही’ हा तुझा स्वभाव नाही, बाळंतपणानंतरचं नैराश्य या आजाराची खूण आहे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आपल्या देशातल्या ३८ अभ्यासांची बेरीज आली होती, २० हजारांवर बाळंतिणींची. त्यात दर शंभरात २२ जणींना बाळंतपणानंतरचं नैराश्य निघालं. तू ज्या वॉर्डात होतीस तिथल्या दहा खाटा आठव. त्यातल्या दोघी.

तुझी आई म्हणते आमच्या वेळी नव्हतं. होतं की! नाव दुसरं होतं. ‘बाहेरचं झालंय’, ‘वारं लागलंय’, ‘तिला करमंना झालंय’. माझी थोरली १९८८ ची, म्हणजे ते दहा प्रश्न छापून आले त्याच्या पुढच्या वर्षीची. मी स्वतः आरोग्यसेविका, पिशवीत बाळाचं वजन करायचा काटा घेऊन गावोगाव फिरणारी, आणि घरी आल्यावर मोरीचा नळ सोडून रडत होते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. काट्यावर बाळ बसायचं, आईसाठी पिशवीत काहीच नव्हतं. ते प्रश्न माझ्या हातात पडले ते तिसाहून जास्त वर्षांनी, सुनेच्या फोनवर. दुपारी सगळे झोपलेले असताना मी ते १९८८ च्या मला विचारले आणि आठवून आठवून उत्तरं भरली. १७ आले. सुनेला सांगितलं नाही. आता हे वाचून कळेल तिला.

आणखी एक कबूल करते. वर्षानुवर्षं मी बाळंतिणींना सांगत आले, ‘रडू नगंस बाई, दूध आटंल’. प्रेमानंच सांगायची. शाहूवाडीकडच्या एका वाडीवर एक बाई मला म्हणाली होती, ‘आक्का, मी दमलो.’ आपल्याकडं बायका असंच बोलतात, त्यात मला वेगळं काही ऐकू आलं नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि उतरले. ती काय सांगत होती ते आज कळतंय. ॲपमधली मराठी विचारते, ‘तुम्हाला उदास वाटते का?’ आणि आपली बाई सांगते, हातापायात जीव नाही, डोकं बधिर झालंय, सगळं अंगावर येतंय. उदास हा शब्द तिच्या तोंडात नाहीच, मग ती ‘नाही’ वर बोट ठेवते. म्हणून असले प्रश्न सोडवताना शब्दाला अडू नये. अंगात जीव नसणं, भूक नसणं, बाळ झोपलं तरी आपल्याला झोप न लागणं, हे सगळं त्या ‘उदास’मध्ये धरायचं.

आता काम सांगते. तुझ्या बाळाचा दीड महिन्याचा डोस परवा-तेरवा आहेच. त्यासाठी घरातून बाहेर पडायला कुणी अडवणार नाही. त्या दहा प्रश्नांचा स्क्रीनशॉट काढून ठेव आणि बाळाला इंजेक्शन देणाऱ्या नर्सताईंपुढं फोन धर. तोंडानं काही बोलावंसं वाटलं नाही तरी चालेल. माणूस समोर असला की आपण ‘बरं हाय’ म्हणतो. फोनला तू खरं सांगितलंस, कारण फोन तोंड वाकडं करत नाही. तेच खरं उत्तर आता माणसाच्या हातात दे. तिथून डॉक्टर, नाहीतर थेट सीपीआरचा, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्याचा, मानसोपचार विभाग. केसपेपर काढताना लाज वाटली तर आईला रांगेत उभी कर, दृष्ट काढण्यापेक्षा ते काम मोठं आहे. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांग, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडूनही माणूस असंच गळून जातं. गोळ्या लागल्या तर अंगावर पिणाऱ्या बाळाला चालणाऱ्या गोळ्या आहेत. सर्ट्रालिन त्यातली एक, ती दुधात फार थोडी उतरते. पण कुठली आणि किती हे डॉक्टर ठरवतील. मेडिकलवाल्याला विचारून घ्यायची नाही आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंदही करायची नाही.

“आक्का, मी सासू आहे, गंगावेशीत राहते. सून दिवसभर फोनमध्ये. बाळानं कुठल्या बाजूला किती मिनिटं घेतलं, लंगोट किती भिजले, किती झोपलं, सगळं त्यात भरते. फोन वाजला की झोपलेल्या लेकराला उठवून पाजते. रात्री सारखी त्याच्या नाकाखाली बोट धरून बघते. माझ्या हातून चार वाढली, मी काही बोलले की म्हणते ॲपमध्ये तसं नाही. फोन काढून घेऊ का?”

वहिनी, फोन काढून घेऊ नका. बाकी तुमचं बरंच बरोबर आहे.

ही मोजणारी ॲप कमी वजनाच्या, दिवस भरायच्या आत झालेल्या बाळासाठी पहिले काही दिवस कामाची असतात. तिथं दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावंच लागतं. तुमचा नातू पूर्ण दिवसांचा आहे, वजन वाढतंय असं तुम्हीच पुढं लिहिलंय. मग मिनिटं मोजून काय करायचं? पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा-सात लंगोट चांगले ओले होत असले आणि दवाखान्याच्या कार्डावरची वजनाची रेघ वर जात असली, की दूध पुरतंय. ॲपचा आलेख बघून कुणाची छाती भरल्याचं मी बघितलेलं नाही, कापरं भरल्याचं मात्र बघितलंय. एका लेकीनं मला आठवड्याचा अहवाल दाखवला होता. ‘तुमचे बाळ सरासरीपेक्षा ४० मिनिटे कमी झोपले.’ बाळ पाळण्यात हसत होतं आणि आई घामाघूम.

पण रात्रभर नाकाखाली बोट धरणं, ही फोनची सवय नव्हे वहिनी. ही काळजी आहे, जी थांबव म्हटलं तरी थांबत नाही. बाळंतपणानंतरचा आजार प्रत्येक वेळी रडत येत नाही, असा धडधडतही येतो. एखादी बाई दिवसभर बाळाचं सगळं नीट करते, घर आवरते आणि आतून थरथरत असते. तिला ‘किती हौशी आई’ म्हणून आपण मोकळे होतो. सुनेला डॉक्टरांकडं न्या. ‘तुझं काही चुकतंय’ म्हणून नको, ‘तुझी झोप होत नाही, ती बघू’ म्हणून न्या. झोपेवर कुणी भांडत नाही.

आणि घरात एक करा. रात्री नऊ ते एक बाळ तुमच्याकडं. ती नऊला पाजेल, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावेल आणि झोपेल. चार तासांची सलग झोप कुठलंच ॲप देत नाही, ती देणारं माणूस तुमच्या घरात आहे. मध्ये बाळ रडलं तर तुम्ही घ्यायचं, ढेकर काढायचा, अगदीच भूक लागली तर तिच्या कुशीत देऊन परत घ्यायचं. चार वाढवलीत ना, मग हात बसलेला आहे. ‘ॲपमध्ये तसं नाही’ हे ती तुमच्यावर म्हणत नाहीये. चुकलं तर आपल्यावर येईल, या भीतीनं म्हणतेय.

“मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत शिफ्टला असतो. बायको बाळंतपणानंतर गप्प गप्प आहे. तिच्यासाठी चांगलं ॲप कुठलं? पैसे भरायची तयारी आहे.”

तीन ओळींचं पत्र, पण भाऊ, तुम्ही लिहिलंत याचं मला बरं वाटलं. नवऱ्यांची पत्रं येतच नाहीत.

नाव सांगत नाही. आज सांगितलेलं सहा महिन्यांनी बंद पडलेलं असतं. ओळखायचं कसं ते सांगते. ॲप कुणी बनवलं, त्यात डॉक्टर कोण, हे लिहिलेलं हवं. जीवावर बेतलं तर कुणाला फोन करायचा, ते पहिल्याच पानावर हवं. ‘सात दिवसांत नैराश्य गायब’ लिहिलेलं असेल तर काढून टाका. अमेरिकेत २०२४ साली बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठीच्या ‘मामालिफ्ट प्लस’ या ॲपला तिथल्या औषध प्रशासनानं मान्यता दिली, पण ते आठ आठवड्यांचं आहे आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या ॲपच्या अलीकडंही डॉक्टर आहेच.

चांगल्या ॲपमध्ये असतं काय? बहुतेक वेळा बोलण्याच्या उपचारातली साधी रीत. मनात आलेला विचार पकडायचा, ‘मला काहीच जमत नाही’. मग तो तपासायचा, खरंच काहीच? सकाळी आंघोळ घातली ती कुणी? आणि मग एक छोटं काम ठरवून करायचं. याच रितीनं पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आमच्यासारख्याच आरोग्यसेविकांनी घरोघर जाऊन बायकांना बरं केलं, ते २००८ साली ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नियतकालिकात आलं. मग आपल्या शेजारी गोव्यात त्याच धर्तीवर वस्तीतल्याच साध्या बायकांना शिकवून हेच करून बघितलं. डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत, शेजारणी. त्यांच्याकडं चित्रांची पुस्तकं होती आणि वेळ होता.

तेव्हा पैसे ठेवा. पहिल्या पाळीला असाल तर संध्याकाळी बाळाला खांद्यावर टाकून अर्धा तास बायकोबरोबर रंकाळ्यावर चालून या. तिला ‘काय झालंय’ विचारू नका, त्याला उत्तर नसतं. ‘काल रात्री किती वाजता झोप लागली?’ असं विचारा. पंधरा दिवसांत ती खुलली नाही तर वर कसबा बावड्याच्या लेकीला सांगितलंय तेच करा.

आणि हे नीट वाचा. ती दोन-तीन रात्री झोपलीच नाही आणि तरी थकलेली दिसत नाही, भराभरा बोलते, घरच्यांवर संशय घेते, कानात आवाज येतात म्हणते, बाळ बदललंय किंवा बाळात काही शिरलंय म्हणते, तर ॲप नाही, उतारा नाही, सकाळची वाट बघणं नाही. १०८ ला फोन लावायचा किंवा मिळेल त्या गाडीनं मोठ्या दवाखान्यात न्यायचं, आणि बाळाजवळ तिला एकटं ठेवायचं नाही. हे हजारात एखाद-दोघींना होतं, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि उपचारानं बऱ्या होतात. दवाखान्यात ठेवलं म्हणजे बाळ तुटलं असंही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तीन वर्षांखालच्या लेकराला शक्यतो आईपासून वेगळं करू नये असं लिहिलेलंच आहे, आणि बंगळुरूच्या निमहान्स या मनाच्या आजारांच्या सरकारी रुग्णालयात आई-बाळाला एकत्र ठेवणारा विभाग आहे.

“मी चॅटबॉटशी बोलते. नवऱ्यापेक्षा तो जास्त समजून घेतो. पण आमच्या घरात फोन कुणीही उचलतं, दीर गेम खेळतो, नणंद फोटो बघते. मी लिहिलेलं कुणी वाचलं तर?” (कागलहून)

वाचतील, असं धरूनच चाल. त्या ॲपला वेगळं कुलूप घाल, पडद्यावर येणाऱ्या सूचना बंद कर, खरं नाव देऊ नकोस, कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायची परवानगी मागितली तर नाही म्हण. कुलूप दिसल्यावर घरात ‘काय लपवतीस?’ सुरू होणार असेल, तर त्या फोनवर लिहूच नकोस.

दिरापेक्षा लांबचे डोळेही असतात. पाळी आणि गरोदरपणाची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ ॲपनं बायकांची माहिती फेसबुक-गुगलपर्यंत पोचवल्याचं प्रकरण अमेरिकेत २०२१ साली सरकारी आयोगापुढं मिटलं. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या ‘बेटरहेल्प’ला असल्याच कारणासाठी २०२३ साली ७८ लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याकडं माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. पण कायदा आहे म्हणून दार उघडं टाकून आपण झोपत नाही.

चॅटबॉट समजून घेतो, हे मी करून बघितलंय. सुनेच्या फोनवर त्याला लिहिलं, ‘माझी सून माझं ऐकत नाही.’ त्यानं माझी बाजू घेतली. मग सुनेनं तिच्या बाजूनं लिहिलं, तर तिची घेतली! दोघी हसलो, पण मला ते खटकलं. तो होला हो मिळवतो. तू चार दिवस केस विंचरले नाहीस हे त्याला दिसत नाही, आवाज बारीक झालाय हे ऐकू येत नाही. रात्री मन मोकळं करायला वापर, माझी ना नाही. दिवसा मात्र एक तरी माणूस असू दे, ज्याला तुझा चेहरा दिसतो. नवरा नसेल तर जाऊ, नाहीतर अंगणवाडीच्या ताई.

“आक्का, तुम्ही मागच्या अंकात दिलेल्या १४४१६ वर मी फोन लावला. पलीकडून ‘बोला’ म्हणाले आणि मला काहीच सुचलं नाही. ठेवून दिला. आता परत लावायची लाज वाटते.” (गडहिंग्लज)

लाज कसली, तू कोण हे त्यांना कुठं माहीत आहे? तो टेलिमानसचा नंबर आहे, मनाच्या त्रासासाठीचा, सरकारी, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेला, दिवसरात्र आणि फुकट. त्याचं ॲपही आहे, पण फोनवर काही उतरवून घ्यायचं नसेल तर नुसता नंबर पुरे, साध्या बटणांच्या मोबाइलवरूनही लागतो. सुरुवातीला भाषा विचारतात, मराठी निवडायची. पलीकडं समुपदेशक असतात, गरज पडली तर ते पुढं डॉक्टरांकडं जोडून देतात. गप्प बसणारे, रडणारे, ठेवून देणारे फोन त्यांना रोज येतात.

पहिलं वाक्य सुचत नाही ना, मी लिहून देते. हे कागदावर उतरवून फोनच्या कव्हरमध्ये घालून ठेव आणि लागला की वाचून दाखव: ‘मी बाळंतीण आहे. बाळ इतक्या दिवसांचं आहे. मला झोप लागत नाही आणि मला काय होतंय ते सांगता येत नाही. तुम्ही विचारा, मी हो-नाही सांगते.’ गच्चीवर कपडे वाळत घालायला जातेस तेव्हा लाव, वर रेंजही चांगली असते.